वेग कोणाचा मोजायचा?

(गागोदे बुद्रुक येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

ज्या गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला, त्या गावात बसून शहरातील वाहनांच्या वेगाविषयी बोलणे वरकरणी विसंगत वाटेल. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाची पहिली जमीन मिळाली आणि त्यानंतर सुमारे तेरा वर्षे विनोबा पायी देश हिंडत राहिले. भूदानाच्या मार्गाविषयी समाजवादी चळवळीत एकमत कधीच नव्हते. जयप्रकाशांनी १९५४ साली बोधगया येथे त्या कार्याला जीवनदान दिले. इतर अनेकांना जमिनीचा प्रश्न कायद्याने आणि संघर्षानेच सुटेल असे वाटत राहिले. तो वाद आज येथे उकरून काढण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य होती. देशातील सर्वांत गरीब माणूस ज्या वेगाने चालतो, त्याच वेगाने हा माणूस देशाला भेटला.

आजच्या विषयाचा गागोद्याशी संबंध येतो तो नेमका येथेच. रस्ते बांधणारे, त्यांसाठी पैसा मंजूर करणारे आणि त्यांवरील गर्दीचा अभ्यास करणारे सगळेच 'वेग' हा शब्द वापरतात. परंतु तो वेग कोणाचा, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न विचारायचा तर त्यामागील गणित थोडेफार समजून घ्यावे लागते. गणित हे तज्ज्ञांचे काम आणि मोर्चा हे कार्यकर्त्यांचे, अशी वाटणी ज्या चळवळीने मान्य केली, तिच्या हाती शेवटी फक्त मोर्चाच उरतो.

प्रवाहांची गुंफण

प्रथम विषय काय आहे ते पाहू. पेणहून दक्षिणेकडे निघालेला माणूस वडखळच्या नाक्यावर येतो. तेथे मुंबई-गोवा महामार्गापासून अलिबागचा रस्ता फुटतो. कोणाला धरमतरची खाडी ओलांडून अलिबागला जायचे असते, कोणाला नागोठणे, महाडकडे. उलट दिशेने येणाऱ्यांपैकी कोणाला पेण-पनवेल गाठायचे असते, कोणाला अलिबागकडे वळायचे असते. डोलवीच्या पोलाद कारखान्याचे ट्रेलर त्यातच असतात. एसटी थांब्यावर येण्यासाठी कडेला सरकत असते. मिनीडोर रिक्षा थांब्यावरून निघून रस्त्याच्या मध्याकडे येत असते. गणपतीपूर्वीच्या दिवसांत पेणच्या मूर्ती घेऊन निघालेले टेम्पो आणि कोकणात निघालेले चाकरमानी यांची त्यात भर पडते.

एकाच दिशेने जाणारे दोन प्रवाह काही अंतर एकत्र येतात आणि त्या अंतरात एकमेकांना तिरपे छेदून पुन्हा वेगळे होतात. डावीकडून आलेल्याला उजवीकडे जायचे असते, उजवीकडून आलेल्याला डावीकडे. मध्ये दिवा नसतो, पोलीस असेलच असे नाही. याला वाहतूकशास्त्रात 'विणकाम' म्हणतात, कारण मागावर धागे जसे एकमेकांखालून-वरून जातात तसे येथे वाहनांचे मार्ग जातात. फरक इतकाच की मागावर धाग्याची वाट विणकराने आधीच ठरवलेली असते. रस्त्यावर प्रत्येक धागा स्वतःच वाट शोधीत असतो आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या आधी जायचे असते.

शहरात ही स्थिती पावलोपावली आढळते. वर्तुळाकार चौकाच्या दोन तोंडांमधील भाग, उड्डाणपुलाचा उतार संपून पुढचा फाटा येईपर्यंतचा तुकडा, सेवारस्ता मुख्य रस्त्याला मिळतो ती जागा, ही सारी विणकामाचीच ठिकाणे होत. मुंबईच्या द्रुतगती मार्गांवर आणि पुण्याच्या बाह्यवळणावर रोज संध्याकाळी जी रांग लागते, तिचे मूळ पुष्कळदा रस्त्याच्या रुंदीत नसते. अशा एखाद्या दोनशे-तीनशे मीटरच्या तुकड्यात असते. म्हणूनच येथील वेगाचा अंदाज आधी करता येईल काय, हा प्रश्न अभियंत्यांना महत्त्वाचा वाटला, आणि तो योग्यच होता.

सूत्र काय सांगते

इंग्लंडमधील जे. जी. वॉर्ड्रॉप या संशोधकाने १९५० च्या दशकात वर्तुळाकार चौकांसाठी एक सूत्र बसवले. इंडियन रोड्स काँग्रेसने १९७६ साली भारतीय चौकांसाठी जी शिफारस प्रसिद्ध केली, तिच्यात हेच सूत्र स्वीकारलेले आहे. त्यात चारच गोष्टी लागतात: विणकामाच्या तुकड्याची रुंदी, त्याची लांबी, त्यात शिरणाऱ्या तोंडांची सरासरी रुंदी आणि एकूण वाहनांपैकी किती वाहने दुसऱ्यांची वाट छेदतात त्याचे प्रमाण. तुकडा १४ मीटर रुंद, ५६ मीटर लांब, तोंड १० मीटरचे आणि शंभरातील पंचाहत्तर वाहने वाट छेदणारी असली, तर त्या तुकड्यातून तासाला सुमारे ४,०३० मोटारी इतकी वाहतूक जाऊ शकेल असे उत्तर मिळते. लांबी ५६ वरून ४० मीटरवर आणली की हाच आकडा सुमारे ३,७३० वर येतो. वाट छेदणाऱ्यांचे प्रमाण पंचाहत्तरवरून साठवर आले तर मूळच्या लांबीत तो ४,३०० वर जातो.

अर्थ स्पष्ट आहे. वाट छेदणारे जितके जास्त आणि त्यांना मिळणारे अंतर जितके कमी, तितका रस्ता तुंबतो. अमेरिकेत १९५० पासून निघत असलेल्या रस्त्यांच्या क्षमतेविषयीच्या नियमपुस्तकाने हेच वेगाच्या भाषेत मांडले. १९८५ च्या आवृत्तीत असे गृहीत धरले की अशा तुकड्यातील वेग ताशी १५ मैलांच्या, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरच्या खाली जाणार नाही. त्यावर किती भर पडेल ते एका भागाकाराने ठरते. वाट छेदणाऱ्यांचे प्रमाण वाढले किंवा प्रत्येक मार्गिकेवरील वाहने वाढली की भाजक वाढतो आणि वेग उतरतो. तुकड्याची लांबी वाढली की भाजक घटतो आणि वेग चढतो. विशेष म्हणजे वाट छेदणाऱ्यांचा वेग वेगळा आणि सरळ जाणाऱ्यांचा वेगळा, असे दोन वेग हे पुस्तक काढते. एकाच रस्त्यावर एकाच क्षणी दोन वर्गांचे दोन वेग असतात, हे अमेरिकन अभियंत्यांनी कोणत्याही राजकीय हेतूशिवाय मान्य केले, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

सूत्र म्हणजे निसर्गनियम नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. वॉर्ड्रॉपचे सूत्र ज्या काळी बसवले गेले, त्या काळी ब्रिटनमधील चौकात आधी कोणी जायचे याचा पक्का नियम नव्हता. १९६६ साली तेथे नियम झाला की चौकात आधीपासून फिरत असलेल्या वाहनाला शिरणाऱ्याने वाट द्यावी. एका नियमाने माणसांचे वागणे बदलले, वागणे बदलताच विणकामाचे स्वरूप बदलले आणि ते सूत्र त्याच्या मायदेशी मागे पडले. वाहतुकीचे सूत्र समाजाच्या वागण्याचा सारांश असते, आणि समाजाने नियम बदलला की सारांशही बदलतो. रस्ता दहा मीटरने रुंद करण्यास कोट्यवधी रुपये लागतात. नियम बदलून तो पाळायला लावण्यास त्याचा अल्पांशही लागत नाही. पण नियमाच्या कामात कंत्राट निघत नाही.

शिवाय परदेशी सूत्रांमागे एक गृहीत असते: वाहने साधारण एकसारखी आहेत आणि ती आखलेल्या मार्गिकांतून एकामागून एक चालतात. आपल्याकडे मोटारसायकल दोन ट्रकांमधल्या फटीतून पुढे जाते, रिक्षा तिरपी उभी राहते, हातगाडी कडेने जाते, आणि तीन मार्गिकांच्या रस्त्यावर पाच रांगा होतात. येथे 'मार्गिका बदलणे' या शब्दालाच अर्थ उरत नाही. म्हणून भारतीय संशोधक चौकांचे चित्रीकरण करून एकेका वाहनाची वाट मोजतात, संगणकावर कृत्रिम वाहतूक चालवून पाहतात. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७ साली भारतीय रस्त्यांसाठी स्वतंत्र क्षमता-पुस्तिका सिद्ध झाली, ती याच गरजेतून. हे काम चिकाटीचे आहे आणि त्याचा उपहास करणे अन्यायाचे होईल. प्रश्न त्या कामाच्या अलीकडे आणि पलीकडे आहे. मोजायचे काय हे आधी कोणी ठरवले, आणि उत्तर आल्यावर पैसा कोठे गेला?

सरासरीचे राजकारण

१९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहियांनी जो वाद उपस्थित केला, तो जुन्या कार्यकर्त्यांच्या स्मरणात असेल. देशातील बहुसंख्य माणूस दिवसाला तीन आण्यांवर जगतो, असे त्यांनी सांगितले. सरकारपक्षाने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. आकड्यांची उलटतपासणी पुष्कळ झाली. पण त्या वादाचे खरे मोल आकड्यात नव्हते. गिरणीमालक आणि भूमिहीन मजूर यांना एका बेरजेत घालून भागाकार केला, तर जो माणूस निघतो तो देशात कोठेच राहत नाही, हे लोहियांनी देशाला दाखवले.

सरासरी वेगाचेही तसेच आहे. दोन गाड्या एक किलोमीटर गेल्या, एक ताशी ६० च्या वेगाने आणि दुसरी २० च्या. साधी सरासरी ४० येते. पण पहिलीला एक मिनिट लागले आणि दुसरीला तीन. दोघींनी मिळून दोन किलोमीटर चार मिनिटांत काटले, म्हणजे वेग ३० चा झाला. कोपऱ्यात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा वेग टिपला तर उत्तर ४० येते. रस्त्यावर किती वेळ गेला ते धरले तर ३०. हा फरकही वॉर्ड्रॉपनेच १९५२ साली नीट मांडला. जलद जाणारा मोजणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वारंवार येतो, हळू जाणारा कमी वेळा. मोजण्याच्या पद्धतीतच जलद माणसाला झुकते माप मिळते.

आता एक पाऊल पुढे जाऊ. समजा, एक किलोमीटरच्या तुकड्यातून ९० मोटारी ताशी ४० च्या वेगाने गेल्या आणि १० बसगाड्या, थांब्यासाठी कडेला येत आणि पुन्हा प्रवाहात शिरत, ताशी १० च्या वेगाने. मोटारीला दीड मिनिट लागले, बसला सहा. दर वाहनामागे सरासरी वेळ दोन मिनिटांहूनही थोडा कमी, म्हणजे वेग सुमारे ताशी ३१ किलोमीटर. अहवालात लिहिले जाईल की स्थिती समाधानकारक आहे. पण मोटारीत दोन माणसे आणि बसमध्ये चाळीस, असे धरून माणसे मोजली तर? मोटारीत १८० माणसे, बसमध्ये ४००. दर माणसामागे सरासरी वेळ साडेचार मिनिटांहून अधिक होतो, म्हणजे वेग ताशी १३ किलोमीटर. रस्ता तोच, क्षण तोच, वाहने तीच. वाहन मोजले की ३१, माणूस मोजला की १३. आणि या दोन्ही हिशेबांत रस्ता ओलांडण्यासाठी डोक्यावर पाटी घेऊन उभी असलेली बाई अजून आलेलीच नाही.

मोटार हे माप

वेगवेगळी वाहने एकाच हिशेबात आणण्यासाठी अभियंत्यांनी मोटार हे एकक धरले आहे. १९७६ च्या त्या शिफारशीत चौकासाठी मोटार म्हणजे १, मोटारसायकल पाऊण, सायकल अर्धी, बस आणि ट्रक २.८, आणि बैलगाडीसारखी जनावरांची वाहने ४ ते ६ धरलेली आहेत. १९९० च्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत बसचा आकडा, वाहतुकीतील तिच्या प्रमाणानुसार, २.२ ते ३.७ आहे.

हे कोष्टक खोटे नाही. बस मोटारीपेक्षा अधिक जागा व्यापते आणि हळू वळते, एवढेच ते सांगते. पण जागेचे माप हेच मोलाचे माप मानले की अनर्थ सुरू होतो. कोष्टकात बस ही पावणेतीन मोटारींइतकी 'अडचण' ठरते. तिच्यात किती माणसे आहेत हा रकानाच तेथे नाही. १०० मोटारींच्या जागेत, याच कोष्टकाप्रमाणे, ३५ बसगाड्या मावतात. १०० मोटारींतून दोनशे माणसे जातील, ३५ बसगाड्यांतून चौदाशे. म्हणजे ज्या कोष्टकाने बसला अडचण ठरवले, तेच कोष्टक एक रकाना वाढवून वाचले तर बसच्या बाजूने सातपट साक्ष देते. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली तेव्हापासून या राज्याचा गरीब माणूस जिच्यावर विसंबून राहिला, तिची बाजू मांडण्यासाठी वेगळे गणित शोधावे लागत नाही. आहे तेच गणित पूर्ण करावे लागते.

पायी चालणाऱ्याची तर गोष्टच वेगळी. मुंबई महानगरातील एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायी होतात, असे तेथील विकास प्राधिकरणाच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासात दिसले होते. विणकामाच्या सूत्रात मात्र पादचारी प्रवाह म्हणून येत नाही. आलाच तर अडथळा म्हणून. वस्तुतः रस्ता ओलांडणारा माणूसही प्रवाहांना छेदणाराच असतो. फरक इतकाच की गाडीने गाडीला छेदले तर वेग कमी होतो, आणि गाडीने माणसाला छेदले तर घरी निरोप जातो.

पुलामागून पूल

यावर जे उत्तर दिले जाते ते परिचित आहे: प्रवाह एकमेकांना छेदतात म्हणून एकाला वर उचला. हे उत्तर सर्वस्वी चुकीचे नाही. जेथे अवजड वाहतूक गावातून जात होती, तेथे बाहेरून रस्ता काढल्याने गावाला मोकळा श्वास मिळतो, हे वडखळच्या बाह्यवळणानेही दिसले. परंतु जो रस्ता फुटतो तो पुढे कोठेतरी पुन्हा मिळतो, आणि जेथे मिळतो तेथे विणकाम पुन्हा सुरू होते. उड्डाणपूल गुंता सोडवतो तसाच तो पुढच्या चौकात नेऊनही ठेवतो.

मुंबईत १९९० च्या दशकाच्या अखेरीस पन्नासहून अधिक उड्डाणपुलांची योजना हाती घेतली गेली. त्या पुलांनी त्या काळी काही चौक मोकळे केले हे खरे; पण मोकळा झालेला रस्ता नव्या मोटारींना बोलावतो हेही तितकेच खरे. पुण्यात विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २००६ च्या सुमारास उभा राहिला आणि मेट्रोसाठी २०२० साली पाडला गेला. चौदा वर्षांत बांधून पाडलेल्या पुलाचा खर्च कोणी केला? ज्यांनी तो कधी वापरला नाही त्यांनीही केला. चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटाने पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या मार्गांचे उद्घाटन झाले. मुळशी, बावधन, कोथरूड आणि महामार्ग यांचे प्रवाह तेथे वेगळे करणे आवश्यकच होते. पण अशा प्रत्येक कामाला एक साधा प्रश्न लावून पाहावा: मोटारीला जी सरळ वाट मिळाली ती पायी जाणाऱ्याला आणि बसला मिळाली काय? की त्याला आता पूर्वीपेक्षा लांबचा वळसा पडतो?

आपल्या जिल्ह्याच्या दाराशीच याचे मोठे उदाहरण उभे आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीपासून उरण तालुक्यातील चिर्ल्यापर्यंतचा सुमारे २२ किलोमीटरचा सागरी सेतू खुला झाला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते अभिमानास्पद काम आहे. त्यावर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ठेवली गेली आणि मोटारीला एका फेरीचा पथकर २५० रुपये ठरला. दुचाकी आणि रिक्षा यांना त्यावर प्रवेशच नाही. काही बसगाड्या त्यावरून जातात, आणि जितक्या अधिक जातील तितके चांगले. पण सेतूवर जो वेग आहे तो चिर्ल्याला संपतो. तेथून पुढे पेणकडे, रोह्याकडे येणारा माणूस पुन्हा त्याच नाक्यांवर आणि पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या त्याच महामार्गावर येतो, ज्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. समुद्रावर वेग बांधता येतो. नाक्यावर न्याय बांधण्यास अधिक काळ लागतो.

अर्थशास्त्राची साक्ष

अर्थशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. केंब्रिजच्या पिगू यांनी १९२० साली आपल्या ग्रंथात दोन रस्त्यांचे उदाहरण दिले होते. प्रत्येक चालक स्वतःला लागणारा वेळ पाहून रस्ता निवडतो. त्याच्यामुळे मागच्या सर्वांना जो उशीर होतो तो त्याच्या हिशेबात नसतो. परिणामी प्रत्येकाने शहाणपणाने वागूनही सर्वांची मिळून स्थिती वाईट होते. विणकामाचा तुकडा म्हणजे या सिद्धान्ताची प्रयोगशाळाच. एक मोटार आयत्या वेळी उजवीकडून डावीकडे घुसते आणि आपले दहा सेकंद वाचवते. तिच्यामागे ब्रेक लावणाऱ्या वीस गाड्यांचे मिळून कितीतरी मिनिटे जातात. खाजगी लाभ आणि सामाजिक खर्च यांतील दरी येथे उघड्या डोळ्यांनी दिसते. बाजाराच्या अदृश्य हाताने समाजहित आपोआप साधते असे ज्यांना वाटते, त्यांनी सायंकाळी सहा वाजता एखाद्या चौकात उभे राहावे.

पिगूंच्या विचारातून निघालेला उपाय म्हणजे गर्दीच्या रस्त्यावर शुल्क. त्याविषयी समाजवाद्यांना शंका वाटणे स्वाभाविक आहे, कारण पैसेवाल्याला रस्ता विकण्याचा तो मार्ग होऊ शकतो. पण लंडनमध्ये १७ फेब्रुवारी २००३ रोजी असे शुल्क लावणारे महापौर केन लिव्हिंग्स्टन हे डाव्या विचारांचेच होते, आणि त्या उत्पन्नाचा मोठा भाग बससेवेकडे वळवण्यात आला. शुल्क डावे की उजवे हे शुल्कात ठरत नाही. त्याचा पैसा कोठे जातो त्यात ठरते. पथकराच्या पैशातून पुढचा पथकराचा रस्ताच बांधला जात असेल, तर ती मोटारीची मोटारीसाठी चाललेली व्यवस्था होते. त्यातून बसगाड्या वाढत असतील, तर ती पुनर्वाटणी होय.

आपल्याच देशाचे अधिकृत धोरणही याहून वेगळे बोलत नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने तत्त्व म्हणून मान्य केले की हलवायची आहेत ती माणसे, वाहने नव्हेत. तत्त्व कागदावर आले. कोष्टकात आले नाही. आणि अंदाजपत्रक कोष्टकावरून तयार होते.

कार्यकर्त्यांचे काम

येथे कोणी म्हणेल की हे सर्व खरे असले तरी पेण-रोह्याच्या कार्यकर्त्याने यात करायचे काय? रस्त्याचे आराखडे मुंबईत आणि दिल्लीत ठरतात. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु पूर्ण तथ्य नाही. आराखड्याला आधार असतो तो मोजणीचा, आणि मोजणी नाक्यावर होते. नाका कार्यकर्त्याच्या घराजवळ आहे.

पहिले काम म्हणजे स्वतः मोजणे. त्याला यंत्र लागत नाही. चार तरुण, चार वह्या आणि एक घड्याळ पुरे. एकाने वाहने मोजावीत, दुसऱ्याने बस आणि रिक्षा यांतील माणसे अदमासाने टिपावीत, तिसऱ्याने रस्ता ओलांडण्यासाठी थांबलेल्यांचा वेळ, आणि चौथ्याने एसटीला थांब्याकडे येण्यास आणि पुन्हा प्रवाहात शिरण्यास लागणारा वेळ. आठवड्याचा बाजार, शाळा सुटण्याची वेळ आणि गणपतीपूर्वीचा शनिवार, अशा तीन दिवसांची मोजणी झाली तर तिच्यापुढे अधिकाऱ्याला नुसते आश्वासन देऊन भागणार नाही. 'लोकांना त्रास होतो' हे निवेदन फाइलमध्ये जाते. 'या नाक्यावर एका तासात इतकी माणसे इतकी मिनिटे थांबली' हे निवेदन उत्तर मागते.

दुसरे काम म्हणजे कोणत्याही रस्त्याच्या वा पुलाच्या प्रकल्पात वाहनांच्या वेगाबरोबर माणसांच्या वेगाचा रकाना मागणे. मोटारींचा वेग ताशी २५ वरून ४० होईल एवढे सांगून चालणार नाही. बसमधील माणसाला किती मिनिटे वाचतील आणि पायी जाणाऱ्याला रस्ता ओलांडण्यास किती लागतील, ही दोन उत्तरे दिल्याशिवाय मंजुरी नको, असा आग्रह ग्रामसभेपासून जिल्हा नियोजन समितीपर्यंत धरता येतो.

तिसरे काम अधिक अवघड आहे, कारण ते आपल्या माणसांना समजावण्याचे आहे. थांबा नाक्याच्या तोंडाशी नसावा, शंभर पावले पुढे असावा. रिक्षा वळणावर उभ्या राहू नयेत. टपऱ्यांनी पदपथ गिळू नये. या गोष्टी बोलताना श्रमजीवींचे हितसंबंध दुखावतात. रिक्षावाला आणि टपरीवाला हेही आपलेच. परंतु विणकामाच्या तुकड्यात उभी राहिलेली एक रिक्षा मागच्या एसटीतील चाळीस माणसांचा वेळ घेते, हे त्या रिक्षावाल्याशी बसून बोलता आले पाहिजे, आणि त्याच्यासाठी पर्यायी जागा मिळवण्यासाठी त्याच्याबरोबर उभेही राहिले पाहिजे. फक्त मोटारवाल्याला दोष देऊन टाळ्या मिळतात. नाका सुटत नाही.

मित्रहो, वेगाचा विरोध हे समाजवादी धोरण असू शकत नाही. आजारी माणसाला इस्पितळात लवकर पोहोचायचे असते, भाजी सुकण्यापूर्वी बाजारात जायची असते, कामगाराला पाळीच्या आधी फाटक गाठायचे असते. गरिबाचा वेळ हा त्याच्याजवळचा एकमेव साठा असतो, आणि तोच आज नाक्यानाक्यावर विनामोबदला खर्ची पडतो. मागणी वेगाच्या वाटणीची आहे. जमिनीची वाटणी कशी व्हावी याविषयी गागोद्याच्या त्या सुपुत्राशी ज्यांचे मतभेद होते, त्यांनाही त्याचा एक धडा घेता येईल: देशाचे मोजमाप करायला निघालेल्याने आधी पायी चालणाऱ्याच्या बरोबरीने चालून पाहावे. त्याला वडखळचा नाका ओलांडायला किती मिनिटे लागतात, तेथून मोजणीला सुरुवात व्हावी.